विमान शेततळ्यात पडलं तर

मी भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये मशीनची कार्डं, म्हणजे सर्किट बोर्ड, दुरुस्त करते. दर पावसाळ्यात आमच्याकडे पाणी शिरलेल्या ड्राइव्हची, म्हणजे मशीनची मोटर चालवणाऱ्या डब्यांची, रांग लागते. गिऱ्हाइकाला मी फोनवरच पहिला प्रश्न विचारते, "भिजल्यावर चालू करून बघितलं का?" नाही म्हणाला तर कार्ड बहुतेक वाचतं. "एकदाच बघितलं" म्हणाला तर आधीच सांगून ठेवते की आशा कमी आहे. कार्ड पाण्याने मरत नाही, ते मरतं पाण्यात असताना वाहणाऱ्या करंटने.

रविवारी मी रिमोटवर चालणारं फोमचं विमान उडवते, नाकावर कॅमेरा लावून. माझी दोन विमानं पाण्यात पडली. पहिलं पानशेत धरणाच्या फुगवट्यात पडलं आणि रात्रभर बॅटरी जोडलेली असताना तिथेच राहिलं. सकाळी एका मासेमाराने होडीतून आणून दिलं. फोम धडधाकट होता, पण रिसीव्हरच्या, म्हणजे रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या कार्डाच्या, पॉझिटिव्ह पिनेची जागा हिरव्या-निळ्या चिखलासारख्या थराने घेतली होती, आणि टाचणीने तो थर सारला तर खाली तांब्याची रेघच उरली नव्हती. दुसरं विमान सासवडजवळ मामाच्या शेततळ्यात पडलं. ते चाळीस मिनिटांत बाहेर आलं आणि आजही उडतंय. खाली जे सांगते ते मुख्यतः त्या दुसऱ्या विमानाचं.

पडल्या पडल्या

थ्रॉटल शून्यावर आणा आणि मोटर डिसआर्म करा, म्हणजे फिरणारच नाही अशी बंद करा. पंखा (प्रोपेलर) पाण्यात असताना मोटर चालवून विमान काठाला आणायचा मोह होतो, पण पंख्यात शेवाळ अडकलं की मोटर जाम होते आणि ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं कार्ड, जळतो. रिमोट मात्र बंद करू नका. जीपीएस असेल तर विमानाची शेवटची जागा रिमोटच्या टेलिमेट्री पानावर (विमानाकडून आलेले आकडे दिसतात तिथे) असते, तिचा लगेच फोटो काढा. कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या गॉगलमध्ये रेकॉर्डिंग चालू असेल तर तेही नीट थांबवून जपून ठेवा, शेवटच्या दोन सेकंदांत काठावरचं एखादं झाड किंवा मोटारीची खोली दिसते. पाण्याखालून सिग्नल येत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी काही सेंटिमीटर पाण्यातच संपतात, त्यामुळे विमान बुडालं असेल तर सिग्नलची वाट बघण्यात अर्थ नाही.

पाणी मोठं असेल, म्हणजे धरणाचा फुगवटा किंवा तलाव, तर उभ्या जागेवरून हलू नका. विमान जिथे दिसेनासं झालं त्याच्या बरोबर मागे पलीकडच्या काठावर काय आहे ते हेरा: विजेचा खांब, पांढरी भिंत, आंब्याचं झाड. त्या रेषेचा फोनवर फोटो घ्या. पायाखाली दगड ठेवा. मग काठाने पन्नास-साठ पावलं बाजूला जाऊन, विमान दिसेनासं झालं त्या जागेच्या मागे आता कुठली खूण येते ती धरा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे विमान. पानशेतला मी हे केलं नव्हतं. मासेमाराने "नक्की कुठं?" विचारलं तेव्हा मी हात करून दाखवलं ते शंभर मीटर तरी चुकीचं होतं. संध्याकाळी सपाट पाण्यावरून अंतर कळतच नाही. विमान मुळात पडलंही त्यामुळेच. लाटा नसलेल्या पाण्यावर कॅमेऱ्यातून उंचीचा अंदाज येत नाही, आणि मी समजत होते त्यापेक्षा ते बरंच खाली होतं.

आणखी एक. खडकवासल्याच्या पाण्याला लागून एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे, लोहगावला हवाई दलाचा तळ आहे. अशा ठिकाणांच्या आसपास उडवूच नका, उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर झोन बघा. आणि वाऱ्याने वाहून विमान कुठल्याही कुंपणाच्या आत गेलंच तर कुंपण ओलांडू नका, गेटवर जाऊन सांगा.

पाण्यात उतरायचं नाही

हे मी नीट सविस्तर सांगणार आहे, कारण आपल्या भागात याचा धोका लोकांना दिसत नाही.

शेततळं वरून निरुपद्रवी दिसतं. मामाचं तळं ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल. आतून सगळीकडे प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, बाजू उतरत्या. त्या कागदावर शेवाळाचा पातळ थर असतो. पाय टाकला की माणूस सरळ पाण्यात जातो, आणि पोहता येत असलं तरी परत वर चढता येत नाही, कारण हाताला धरायला काही नाही आणि पायाला रोवायला काही नाही. शेततळ्यात बुडालेल्या माणसांच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो, त्यांत चांगले पोहणारेही असतात. मी भरावावर पोचले तेव्हा विमान काठापासून जेमतेम आठ मीटरवर तरंगत होतं, शेपूट वर, नाक पाण्यात. मामी मागून ओरडली, "अगं, गेलं तर जाऊ दे ते! गेल्या साली वासरू पडलं होतं, चार गड्यांनी दोर लावून काढलं." मी तिथेच थांबले.

धरणाच्या फुगवट्यात दुसरी अडचण, गाळ. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि मागे भेगा पडलेली, वाळल्यासारखी जमीन राहते. वरची वीतभर कडक आणि खाली मऊ गाळ, त्यात मांडीपर्यंत पाय जातो. तिथे होडीवाल्याला बोलवा, त्याचे पैसे आधी ठरवा आणि आनंदाने द्या. कालव्यात पडलं तर विसरा. बांधलेल्या बाजू, जोराचं पाणी, आणि पुढे गेट किंवा सायफन. विमान वाहत जाऊन कुठल्या तरी जाळीला अडकेल, तिथून कोणी काढून देईल तर देईल. नदीत जलपर्णी असेल तर विमान तिच्यावर अलगद बसलेलं असतं आणि काठावरून दिसत नाही. पुलावरून किंवा गच्चीवरून बघा, आधी दिसू द्या, मग काढायचा विचार.

आता शेततळ्यातून काढायची रीत. विहिरीत बादली पडली की आपण गळ टाकतो, पण शेततळ्यात गळ टाकू नका. त्याच्या आकड्याने कागद फाटला तर शेतकऱ्याचं वर्षाचं पाणी जिरून जाईल. आम्ही केलं ते असं. मामेभावाने नायलॉनची पन्नास-साठ मीटर दोरी आणली. तिला दर तीन-चार हातांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बांधल्या, बुचं घट्ट लावून. दोरीचं एक टोक तो समोरच्या भरावावर घेऊन गेला, दुसरं माझ्या हातात. दोरी पाण्यावर तरंगत तळ्याच्या आडवी झाली. मग दोघं आपापल्या भरावावरून, कुंपणाच्या बाहेरून, एकाच चालीने एका बाजूला सरकत गेलो. दोरीने विमानाला हळूहळू लोटत कोपऱ्याकडे नेलं. "ताई, सावकाश, दोरी त्याच्या खालून जातीये," असं तो दोनदा ओरडला, दोन्ही वेळा आम्ही थांबलो, दोरी ढिली सोडली, पुन्हा मागे घेतली. ढिली दोरी वर तरंगते. ताणली की विमानाच्या पोटाखालून निसटते.

कोपऱ्यात आल्यावर आंबे काढायच्या झेल्याने उचललं. लांब बांबू, टोकाला जाळी. मामेभावाच्या कमरेला कासरा बांधून त्याचं दुसरं टोक मी भरावाबाहेरच्या लोखंडी खांबाला गुंडाळून धरलं होतं. त्याची गरज पडली नाही, तरी बांधा.

विमान बुडालंच असेल तर मोटरचा उपयोग होतो. ब्रशलेस मोटरची बाहेरची वाटी लोखंडी असते आणि आत चुंबक असतात. जोरकस चुंबक जाड कापडात गुंडाळून दोरीने सोडा आणि तळाशी सावकाश फिरवा. कापड कागदासाठी. चुंबक मोटरला जवळजवळ टेकावाच लागतो, त्यामुळे जागा आधी नक्की असेल तरच हे जमतं.

काठावर

हातात आल्याबरोबर बॅटरीचा कनेक्टर ओढा. बाकी सगळं नंतर. फोटो नंतर, पाणी निथळणं नंतर. तीन सेलची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टची, आणि आपल्याकडचं पाणी क्षारांचं. विहिरीचं, बोअरचं, त्यातून शेततळ्यात साठून आटत आलेलं. दोन पिनांमध्ये असं पाणी आलं की बुडबुडे यायला लागतात आणि पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळायला लागतं. माझ्या विमानात चाळीस मिनिटांतच बॅटरीच्या एक्सटी-६० कनेक्टरची एक पिन काळी पडली होती. रात्रभर राहिलं असतं तर पानशेतचंच पुन्हा झालं असतं.

मग पंखा काढा. घरी चुकून मोटर फिरली तर बोटं वाचतील.

ओली लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी गाडीच्या डिकीत टाकू नका, बॅगेत तर नाहीच. सेल स्वतः पाकिटात बंद असतात, थोडा वेळ भिजल्याने त्यांना सहसा काही होत नाही. पण विमान नाकावर आपटलेलं असतं, आणि आतल्या सेलला आलेला दाब बाहेरून दिसत नाही. आम्ही ती पुसून, बॅलन्स कनेक्टर (प्रत्येक सेलच्या तारा येतात तो छोटा कनेक्टर) खाली झटकून, वाळू भरलेल्या मडक्यात ठेवली आणि मडकं गोठ्यापासून दूर, मोकळ्या जागी. दोन दिवस तिथेच. बॅटरी फुगली, कुठून गोडसर उग्र वास आला किंवा एखादा सेल इतरांपेक्षा रोज थोडा थोडा उतरत गेला तर ती परत वापरू नका. मामेभाऊ मला सकाळ-संध्याकाळ मल्टिमीटरचे आकडे फोनवर सांगत होता. तिसऱ्या सेलने दोन दिवसांत ०.२ व्होल्ट सोडले, बाकी दोघे जागचे हलले नाहीत. ती बॅटरी मी बाद केली. बाद करायची तर उघड्यावर इंडिकेटरच्या बल्बावर पूर्ण उतरवून ई-कचऱ्यात द्या. मिठाच्या पाण्यात बुडवायची जुनी पद्धत भरवशाची नाही. तारांची टोकं आधी झिजतात आणि बॅटरी आतून भरलेलीच राहते.

धुणं

घरी आल्यावर लोक विमान पंख्याखाली ठेवून देतात. माझं ऐका, आधी धुवा. पाणी वाळेल, पण त्यातले क्षार आणि गाळ तिथेच राहतील, आणि पुढच्या पावसाळी हवेत तेच क्षार ओल धरून पिना खात बसतील.

सगळं उघडा. फ्लाइट कंट्रोलर (विमान सांभाळणारं मुख्य कार्ड), ईएससी, रिसीव्हर, जीपीएस, कॅमेरा, व्हिडिओ ट्रान्समीटर. श्रिंक ट्यूब, म्हणजे कार्डावर आवळून बसवलेली प्लॅस्टिकची नळी, असेल तर कापा, खरं पाणी तिच्याच आत अडकतं. कुठली तार कुठे होती त्याचे फोटो काढत जा. मग डिस्टिल्ड वॉटर, जे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं तेच. एका पसरट डब्यात कार्ड बुडवा, मऊ टूथब्रशने चिपांच्या कडांवरून हलक्या हाताने फिरवा, पाणी गढूळ झालं की बदला. माझं तिसऱ्या पाण्याला स्वच्छ निघालं.

त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं घेऊ नका, त्यात उरलेलं पाणीच आहे. हे अल्कोहोल पाण्यात मिसळतं, चिपच्या पोटाखाली केसाएवढ्या फटीत बसलेलं पाणी आपल्याबरोबर ओढून बाहेर आणतं आणि उडून जातं. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद, देवघरातला दिवा विझलेला.

दोन जागी हात आखडता घ्या. फ्लाइट कंट्रोलरवर बॅरोमीटरची (हवेच्या दाबावरून उंची मोजणारी) चिमुकली चौकोनी डबी असते, वर टाचणीएवढं छिद्र. त्या छिद्रात ब्रश घालू नका, हवेचा फवारा मारू नका, कार्ड पालथं ठेवून आपोआप निथळू द्या. आणि आमच्या वर्कशॉपसारखा अल्ट्रासॉनिक टब तुम्हाला कुठे मिळत असला तरी फ्लाइट कंट्रोलर त्यात टाकू नका. विमान किती वळलं ते मोजणारा आतला जायरो म्हणजे सिलिकॉनचा बारीक थरथरता तुकडा असतो, टबाच्या कंपनांनी तो मोडू शकतो. ईएससी किंवा नुसत्या तारा टबात टाकल्या तर चालतात.

मोटरला पाण्याचं भय नाही, गाळाचं आहे. डिस्टिल्ड पाण्यात हाताने फिरवून फिरवून धुवा, झटका, आणि दोन्ही बेअरिंगांत शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. फिरवताना कानाशी धरा. खरखर आली तर बेअरिंग बदला. नऊ ग्रॅमचे सर्वो, म्हणजे शेपूट आणि पंखाच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी, मी उघडून धुतले, पण एक महिन्यातच त्यातला एक थरथरायला लागला. आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर गाळाने ओरखडे पडतात. शेपटीचे सर्वो सरळ नवीन घाला.

वाळवणं

तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ चिपखालचं पाणी ओढत नाही, उलट पिठूळ धूळ कनेक्टरमध्ये जाते. उन्हाळ्यात पंख्यासमोर दोन दिवस पुरतात. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवाच दमट असते, तेव्हा मी पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावते, वर-खाली भोकं पाडते आणि आत थर्मामीटर ठेवते. ५० अंशांच्या आत राहिलं पाहिजे. बल्ब पुठ्ठ्यापासून वीतभर लांब, आणि घरात कोणी जागं असेल तेव्हाच चालू.

फोम या पेटीत नाही, कडक उन्हातही नाही. काचा बंद केलेल्या गाडीत तर मुळीच नाही, पंख वाकतो. फोमसाठी खरं हत्यार स्वयंपाकघरातला वजनकाटा. माझं विमान बॅटरीशिवाय ५८२ ग्रॅम होतं, ते वहीत लिहिलेलं होतं म्हणून कळलं. आल्या दिवशी ६३१. चार दिवस पंख्याखाली ठेवल्यावर ६०६, आणि तिथे आकडा अडला. २४ ग्रॅम पाणी कुठे तरी आत. विमान कानाशी हलवलं तर शेपटीच्या नळीत बारीक खळखळ ऐकू आली. पंखातली कार्बनची नळी उभी धरली, तीतून चमचाभर पाणी आलं. शेपटीत खालच्या अंगाला दाभणाने भोक पाडून रात्रभर नाक वर करून टांगलं. सकाळी खाली ठेवलेल्या ताटलीत मातकट पाणी साठलेलं, आणि काट्यावर ५८५. शेपटीत राहिलेलं एवढंसं पाणी तोल मागे नेतं आणि विमान पहिल्याच वळणावर नाक वर करून बसतं, म्हणून आकडा उतरेपर्यंत थांबा.

पुन्हा वीज देणं

मल्टिमीटर बीपवर लावून बॅटरीच्या कनेक्टरच्या दोन पिना तपासा. एक क्षण बीप होऊन थांबला तर तो कॅपॅसिटर भरला, ते ठीक, बीप चालूच राहिला तर शॉर्ट. शॉर्ट नसेल तर आधी फक्त यूएसबीने फ्लाइट कंट्रोलर कंप्युटरला जोडा. विमान हातात तिरकं केलं की पडद्यावरचं विमान तसंच तिरकं झालं पाहिजे. टेबलावर ठेवलं की दहा मिनिटं उंचीचा आकडा एका जागी राहिला पाहिजे, तो सरकत असेल तर बॅरोमीटरमध्ये अजून ओल आहे.

बॅटरी थेट जोडू नका. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब पॉझिटिव्ह तारेत मध्ये घाला. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बॅटरी काढा आणि एकेक भाग सुटा करून परत बघा. मी पहिल्यांदा जोडलं तेव्हा बल्ब लख्ख पेटला. व्हिडिओ ट्रान्समीटर काढला, बल्ब विझला. बल्ब नसता तर त्याच्याबरोबर ईएससीही गेला असता. नवा ट्रान्समीटर बसवला तर अँटेना लावल्याशिवाय वीज देऊ नका.

यानंतर पंखा न लावता मोटर, सर्वोंच्या दिशा, फेलसेफ (सिग्नल तुटला तर विमान काय करतं) तपासा. रिमोट रेंज-टेस्टवर (मुद्दाम कमी ताकदीच्या सिग्नलवर) ठेवून तीस पावलं मागे जा. दुसऱ्या माणसाला विमान धरायला लावा आणि शेपूट हलते का विचारा. पहिलं उड्डाण जमिनीवरून, पाण्यापासून लांब, पाच मिनिटांचं. उतरल्यावर ईएससी आणि मोटरला हात लावून बघा.

सगळं नीट चाललं की कार्डांवर कन्फॉर्मल कोटिंगचा (ओल अडवणाऱ्या वार्निशचा) थर द्या, ब्रशने, दोनदा. बॅरोमीटरचं छिद्र, यूएसबीचं तोंड, बटण आणि कनेक्टरच्या पिना सोडून. २४ तास वाळू द्या. तेवढ्यात पंखाच्या खालच्या बाजूला भगवी टेप चिकटवा, कारण पाण्यात विमान पुष्कळदा उलटं तरंगतं आणि वर दिसते ती खालचीच बाजू. टेपवर ऑइल पेंटच्या मार्करने, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा: सापडल्यास लाल-काळी वायर ओढून वेगळी करा आणि फोन करा. खाली नंबर.